किती जणींनी विडी सोडली?

सोलापूरच्या पूर्व भागात एका संस्थेने विडी कामगार बायकांसाठी शिलाईचं प्रशिक्षण चालवलं होतं. त्याचं मूल्यमापन माझ्याकडे आलं. कागदावरचं उद्दिष्ट होतं, ‘महिलांना विडी व्यवसायातून बाहेर काढणे’. त्यामुळे प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न, ‘तुम्ही विडी सोडली का?’ छापायला देण्याआधी प्रश्न चार घरी विचारून बघायचे, हा माझा शिरस्ता.

एका घरी उंबऱ्याशीच मावशी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओलसर तेंदूपानावर पत्र्याचं माप ठेवून कात्री चालत होती. मागे शिलाई मशीन, त्यावर शाळेच्या गणवेशाच्या बाह्यांचा ढीग. प्रश्न ऐकून म्हणाल्या, “सोडून कसं चालंल, अक्का? कारखान्यात नाव उशिरा लागलं माझं. पेन्शनला अजून दोन वर्षं कमी पडतात की!”

बिनतोड बोलल्या. घरी विड्या वळणाऱ्यांनाही पीएफ लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच मान्य केलंय. आणि पीएफसोबतच्या १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनसाठी किमान १० वर्षं सेवा भरावी लागते. शिलाईचे पैसे नगावर, बाकी काही नाही. शाळा सुरू होण्याआधी काम रग्गड, नंतर मशीन झाकलेलं. मावशींनी आज विडी सोडली असती तर आमच्या तक्त्यात ते यश ठरलं असतं, आणि त्यांचं पेन्शन मात्र गेलं असतं. दोन्ही कामं सांभाळून घर सावरणारी बाई अपयशात जमा होणार, हे मला फार लागलं.

संध्याकाळी संस्थेच्या ताईंपुढे हे मांडलं. त्या म्हणाल्या, “पण देणगीदारांना आकडा लागतो हो.” आकडा द्यायचाच, पण कशाचा? मग उद्दिष्टच नव्याने लिहिलं: ‘घर नुसत्या विडीच्या मजुरीवर अवलंबून राहू नये.’ त्यावरून प्रश्न सुचत गेले. गेल्या महिन्यात शिलाईचे किती आले? कोणते महिने कोरडे जातात? पैसे कुणाच्या हातात पडतात? विडी ठेवायची की सोडायची, हे घरात कोण ठरवतं? या शेवटच्या प्रश्नावर बराच खल झाला. सासूसमोर त्याचं खरं उत्तर येणार नाही, म्हणून तो केंद्रातच, एकेकीला बाजूला घेऊन विचारायचं ठरलं.

प्रशिक्षणाआधीची कमाई कुणीच लिहून ठेवलेली नव्हती. पण कारखान्यात दिलेल्या विड्यांची नोंद बायकांच्या वहीत होते. ज्यांनी जुन्या वह्या जपल्यात, त्यांच्यापासून दुसऱ्या दिवशी सुरुवात केली.