पेटीत पाणी

जूनचा तिसरा आठवडा, सकाळचे सव्वासात. फोनवर नवी मुंबईतल्या पावण्याच्या एका रेडी मिक्स काँक्रीट प्लँटचे मॅनेजर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "अहो, तुमच्या वॉटरप्रूफ पेटीत मासे सोडू का? आत दोन बोटं पाणी आहे!"

रबाळ्याच्या एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. पॅनेल बनवतो, म्हणजे मोटरींचे स्विच-स्टार्टर ठेवायच्या विजेच्या पेट्या. ही पेटी फेब्रुवारीत मीच दिली होती आणि तेव्हा केलेली बडबड आता माझ्याच अंगावर येणार होती.

त्याआधीच्या पॅनेलला पंखा आणि फिल्टर होता. पाटीवर आयपी ५४ लिहिलेलं. आयपी म्हणजे पेटी धूळ आणि पाणी किती अडवते त्याचा आकडा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीच्या ५ चा अर्थ असा की धूळ थोडी आत येईल, पण यंत्राला त्रास होईल इतकी नाही. ऑफिसच्या गच्चीवर हे चालतं. सिमेंटच्या सायलोखाली मात्र धूळ म्हणजे सिमेंट, आणि त्यावर पावसाचे दोन थेंब पडले की त्या फिल्टरची लादी होते. खरंच झाली होती. मी नखाने टोकरून बघितली, तर नख तुटलं. आत मोटर चालू-बंद करणारे कॉन्टॅक्टर चिकटलेले.

म्हणून नवी पेटी बिनपंख्याची ठरली. मॅनेजर म्हणाले, "मग ६८च द्या ना. सगळ्यात मोठा आकडा."

हा गैरसमज मला महिन्यातून एकदा तरी भेटतो. पाण्याचे अंक सहापर्यंत एका जिन्यावर चढतात, पण सात आणि आठ हा वेगळाच जिना आहे. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा. ६ म्हणजे १२.५ मिलिमीटरची नळी आणि मिनिटाला १०० लिटर. थोडक्यात, त्यांची पोरं मिक्सर गाड्या धुतात तसला मारा. ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. आणि बुडवण्याच्या चाचणीत पास झालेली पेटी फवाऱ्यातही पास झाली असं धरता येत नाही. दोन्ही पाहिजे असेल तर पाटीवर दोन्ही आकडे लागतात. तुमची पेटी खांबावर आहे, विहिरीत नाही, असं सांगून मी ६६ दिली. धुळीचा ६ म्हणजे धूळ अजिबात आत नको. त्या चाचणीत बंद खोलीत टाल्कम पावडर उधळतात आणि पेटीतली हवा पंपाने ओढून घेतात.

आत फक्त साधे स्टार्टर होते म्हणून बिनपंख्याची जमली. मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह असता तर मी हो म्हटलं नसतं. १५ किलोवॉटच्या ड्राइव्हची तीन टक्के उष्णता धरली तरी ४५० वॉट होतात, म्हणजे अर्धी इस्त्री बंद कपाटात चालू ठेवल्यासारखं. असो.

साडेनऊला मी आणि आमचे अण्णा प्लँटवर पोचलो. अण्णा वायरमन, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बोलणं मोजकं. पारसिकच्या डोंगरावर ढग टेकलेले. मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावलं, टेस्टर फिरवला, मग दार उघडलं. पाणी खरंच होतं. गढूळ नाही, स्वच्छ. खालची टर्मिनल पट्टी बुडायला अर्धा इंच बाकी. वीज गळाली की पुरवठा तोडणारा अर्थ लीकेज रिले रात्री ट्रिप झाला होता, हे नशीबच.

"घाम आलाय पेटीला," मॅनेजर म्हणाले. "बंद केलीत ना हवा."

घाम येतो, हे खरं. पण मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. पेटी ८०० बाय ६०० बाय ३००, म्हणजे १४४ लिटर हवा. तीस अंशांची पूर्ण दमट हवा घेतली तरी घनमीटरला साधारण ३० ग्रॅम वाफ. पेटीतली सगळी वाफ पिळून काढली तरी चार-साडेचार ग्रॅम, एक चमचाभर. तळाशी होतं सहा लिटर. इतका घाम येत नाही.

मग गळती. अण्णांनी चौकटीच्या कडेला खडू फासला, दार लावून उघडलं. दाराच्या रबरी गास्केटवर खडूची रेघ सलग, कुठे तुटलेली नाही. कागदाची पट्टी दारात धरून ओढली, सगळीकडे घट्ट. गाड्या धुण्याचा पाइप आणून दहा मिनिटं दारावर, बाजूंवर, डोक्यावर पाणी मारलं. मॅनेजर भिजले. पेटी आतून कोरडी.

आता डोक्यावरच्या पत्र्याकडे नीट बघितलं, आणि मला माझ्याच गाळ्यातून न निघालेलं एक भोक दिसलं. मी केबल आत घ्यायला खाली ग्लँड प्लेट दिली होती. ग्लँड म्हणजे केबलभोवती रबर आवळून भोक बंद करणारा जोड. प्लँटची केबल ट्रे मात्र वरून येते. मे महिन्यात गाड्या धुतलेल्या पाण्याच्या खड्ड्यात नवा सबमर्सिबल पंप बसला, आणि त्यांच्या इलेक्ट्रिशियनने होल सॉ लावून वरून सरळ उतरवली केबल. सबमर्सिबलची केबल चपटी असते, ग्लँडचं रबर गोल. दोन्ही बाजूंना राहिलेली फट काळ्या टेपचे वेढे घालून भरली होती.

"हेच ते!" मी म्हणालो. आवाजात जरा आनंदच असावा, कारण मॅनेजरांनी माझ्याकडे वाईट नजरेनं बघितलं.

"पण आत्ता पाइप मारलात तेव्हा का नाही आलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. टेप लावलेलं ग्लँड माझ्यासमोर शंभर लिटरच्या धारेखाली टिकलं होतं.

अण्णा पेटीच्या पत्र्यावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "पेटी पश्चिमेला आहे. दुपारी तापत असेल." मग थोड्या वेळाने, "गरम भाताचा डबा झाकण लावून ठेवला की नंतर उघडत नाही, तसं."

मी पुन्हा मोबाइल काढला. जूनमध्ये दुपारी दोनला ऊन, चारला डोंगरावरून सर, हे इथे नेहमीचं. ऊन खाल्लेल्या पेटीतली हवा ६० अंशांवर असेल आणि पावसाने ती तिसावर आली, तर आतला दाब नऊ टक्क्यांनी उतरतो. पूर्ण हवाबंद पेटीत ही ओढ ९० सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतकी होते. आणि नेमकं त्याच वेळी डोक्यावर, ग्लँडच्या भोवती, पावसाचं तळं साचलेलं असतं. पंखा असलेली जुनी पेटी फिल्टरमधून श्वास घ्यायची. ही बिचारी श्वास घेणार कुठून? जिथे बारीकशी फट मिळेल तिथून, आणि त्या फटीवर पाणी होतं. दर उन्हा-पावसाला दहा-बारा लिटर हवेची जागा रिकामी होत होती. तिच्यातला थोडा भाग पाण्याने भरला तरी आठवड्याभरात सहा लिटर सहज.

करून बघितलं. आतलं पाणी पुसून काढलेली पेटी, तळाच्या रिकाम्या ग्लँडमधून वायर घेऊन आत २०० वॉटचा बल्ब, दार बंद. तासाभराने पत्र्याला हात लावेना. तेवढ्यात कॅन्टीनचा चहा झाला. बल्ब बंद करून अण्णांनी वरून पाइप सोडला. दहा मिनिटांनी दार उघडलं तर चपट्या केबलच्या अंगावरून पाण्याचा एक बारीक धागा खाली येत होता. मघाशी टिकलेल्या त्याच टेपमधून.

मॅनेजर बराच वेळ तो धागा बघत राहिले. "म्हणजे आमच्या भोकामुळे," ते म्हणाले, जरा खाली आवाजात.

भोक त्यांचं होतं, पण पाणी साठलं माझ्यामुळे. मी पेटी इतकी घट्ट केली होती की आलेल्या पाण्याला जायला वाट नव्हती. उघड्यावरच्या पेटीला तळाशी ब्रीदर ड्रेन प्लग द्यायचा असतो, हे मला माहीत होतं. किंमत कमी ठेवायला मी तो गाळला होता. हे मी तिथे बोललो. बिलातून सूट मागतील असं वाटलं, आणि मागितलीच.

दुपारी काम सुरू केलं. वरचं भोक धातूच्या प्लगने बंद. चपटी केबल बाजूने खाली आणून, पेटीच्या तळाखाली तिचा एक लोंबता वळसा ठेवून, चपट्या केबलचं रबर असलेल्या ग्लँडमधून खालून वर घेतली. म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी टपकतं, पेटीत चढत नाही. वर पत्र्याची तिरकी छत्री, पेटीपासून चार बोटं वर, ऊनही अडावं म्हणून. आणि मग अण्णांनी ड्रिल घेऊन पेटीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात भोक पाडायला घेतलं.

"अहो, पुन्हा भोक?" मॅनेजर ओरडलेच.

ब्रीदर प्लग हवा जाऊ देतो, बाहेरचं पाणी नाही. आत साचलेलं खाली झिरपून जातं. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी फुंकून बघितला. आकडाही तपासायला सांगितला, कारण पेटी कितीही ६६ असली तरी तिच्यावर बसवलेल्या सगळ्यात कच्च्या वस्तूएवढाच तिचा आकडा. दारावरचा अँपिअर मीटर आयपी ५२ चा निघाला, म्हणून तो आत सरकवून पुढे काचेची खिडकी दिली. हीही माझी चूक, पण ती त्या दिवशी कुणाच्या लक्षात आली नाही.

गणपतीच्या दोन दिवस आधी पेमेंटसाठी पावण्याला गेलो. जुलैत तळाशी टाकून ठेवलेला वर्तमानपत्राचा तुकडा तसाच खडखडीत होता, बातमीसुद्धा वाचता येत होती. दार लावून छत्रीखाली वाकून बघितलं. मी बुजवलेल्या भोकाच्या शेजारी नवं भोक होतं. सीसीटीव्हीची केबल.

ग्लँड मात्र बरोबर मापाचं बसवलं होतं.