घरच्या सीएनसीने खाल्लेले पाच रविवार : माझा अनुभव

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात कामाला जाणारा एक तरी माणूस नाशिकच्या बहुतेक इमारतींत सापडतो, त्यामुळे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र, हा शब्द मी वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो. माझे स्वतःचे आयुष्य मात्र हिशेबाच्या वह्यांत गेले. निवृत्तीनंतर सिडकोतल्या घराच्या मागच्या खोलीत लाकडावर कोरीवकाम करणारे छोटे मशीन बसवायचे ठरवले, तेव्हा सर्व मिळून 25,000 रुपयांच्या पुढे जायचे नाही असे मी घरात कबूल करून बसलो होतो. या रकमेत मोठे काही येत नाही. 3018 नावाचे मशीन येते. नावातले 30 आणि 18 हे आकडे कामाच्या जागेचे, म्हणजे 30 सेंटीमीटर लांब आणि 18 सेंटीमीटर रुंद. दाराच्या पाटीला एवढे पुरते.

सुटे भाग जोडायला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. शंभर मिलिमीटर सरकण्याची आज्ञा दिल्यावर मशीन खरोखर तेवढेच सरकते का, हे स्टीलच्या पट्टीने मोजून घेतले, ते बरोबर निघाले.

खरी कथा पहिल्या पाटीपासून सुरू होते. प्लायवूडच्या तुकड्यावर आडनाव कोरायचे होते आणि काम सुमारे चाळीस मिनिटांचे होते. बाराव्या मिनिटाला मशीन जागच्या जागी थांबले. बिट, म्हणजे कोरणारे टोक, फिरवणारा स्पिंडल मात्र फिरतच राहिला आणि मी धावत जाऊन बटण बंद करेपर्यंत बिटाने एकाच जागी घासून लाकूड काळे केले. संगणकाच्या पडद्यावर जोडणी तुटल्याचा संदेश होता. पुन्हा जोडले, तर मशीन आपण कुठे आहोत हेच विसरलेले, कारण या स्वस्त मशीनला जागा ओळखणारे लिमिट स्विच सहसा नसतात आणि संगणकाशी पुन्हा जोडणी होताना त्याचा कंट्रोलर नव्याने सुरू होतो. (म्हणून आधीच सांगतो : शून्याची जागा लाकडाच्या अशा कोपऱ्यावर ठेवावी, की जी पुन्हा अचूक सापडेल. मी ती हौसेने पाटीच्या मध्यभागी ठेवली होती.)

विक्रेत्याला लिहिले. दोन दिवसांनी उत्तर आले की यूएसबीचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला मशीनशी बोलू देणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकावा. टाकला. पुढच्या रविवारी मशीन नवव्या मिनिटाला थांबले. पुन्हा लिहिले, पुन्हा दोन दिवस वाट पाहिली आणि अक्षरशः तेच वाक्य पुन्हा आले. तिसऱ्या वेळी मी कोणत्या मिनिटाला काय घडले याचा तक्ता करून पाठवला, कारण आयुष्यभर तक्तेच केले आहेत. त्यावरही ड्रायव्हरचेच उत्तर आले, तेव्हा समोरच्याने तक्ता उघडलेलाही नाही याची मला खात्री पटली. या पत्रव्यवहारात तीन रविवार आणि प्लायवूडचे चार तुकडे गेले. त्याचा राग अजून पूर्ण उतरलेला नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच.

चौथ्या रविवारी वरच्या मजल्यावरचा मुलगा आला. तो अंबडला व्हीएमसीवर, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मशीनवर, ऑपरेटर आहे. त्याने मशीनला हात न लावता एकच प्रश्न विचारला, "काका, स्पिंडल बंद ठेवून नुसतं हवेत चालवून बघितलंत का?" मी बघितले नव्हते. बिट लाकडापासून वर उचलून आणि स्पिंडलची वायर काढून तोच प्रोग्राम चालवला, तर चाळीस मिनिटे एकदाही न थांबता पूर्ण झाला. वायर पुन्हा जोडली आणि अकराव्या मिनिटाला जोडणी तुटली. म्हणजे ड्रायव्हर, केबल आणि प्रोग्राम आपापल्या जागी ठीक होते आणि गडबड स्पिंडलच्या मोटरमुळे होत होती. या मशीनवर 775 जातीची साधी ब्रशची मोटर असते. फिरताना तिच्या ब्रशपाशी बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांचा विद्युत गोंगाट वायरींमधून यूएसबीपर्यंत पोहोचतो.

त्यावर उपाय फार स्वस्त निघाला. 104 असे छापलेले, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरडचे, हा गोंगाट मोटरपाशीच जिरवणारे तीन सिरॅमिक कपॅसिटर महात्मा गांधी रोडवरच्या दुकानातून काही रुपयांत आणले. एक मोटरच्या दोन टोकांमध्ये आणि उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत, असे ते सोल्डरचा डाग देऊन जोडायचे असतात. अंगावर डाग सहजी धरत नाही. तेवढी जागा आधी कानशीने खरवडावी लागते. स्पिंडलच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन यूएसबीच्या केबलपासून लांब नेल्या आणि ती केबलही आखूड, चांगल्या शील्डची, म्हणजे आत धातूचे आवरण असलेली घेतली.

एवढ्यानंतर मशीन अर्धा तास टिकू लागले, पण चाळीस मिनिटे पुरी होईनात. तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. लॅपटॉप चार्जरला लावलेला असला, की त्याच्या धातूच्या कडेला हात लागताच बोटांना झिणझिण्या येत असत आणि मी ते वयाच्या खात्यावर जमा करत होतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवले, तर पाटी प्रथमच पूर्ण झाली. वायरमनला बोलावले. त्याने टेस्ट लॅम्पचे एक टोक फेजला आणि दुसरे अर्थिंगच्या भोकाला लावले, पण दिवा पेटला नाही. मागच्या खोलीतल्या सॉकेटचे तिसरे भोक नुसते शोभेचे होते. त्यामागे वायरच नव्हती. मुख्य बोर्डापासून अर्थिंगची वायर ओढण्याची मजुरी कपॅसिटरपेक्षा कितीतरी जास्त झाली, तरीही नवे मशीन घेण्याआधी हा खर्च करावा असेच मी आता म्हणेन, कारण तो केवळ मशीनसाठी नाही, जिवासाठीही आहे.

यानंतर एकदाच मशीन थांबले, तेही धूळ ओढण्यासाठी त्याच एक्स्टेंशन बोर्डावर व्हॅक्यूम क्लीनर लावला म्हणून. आता तो दुसऱ्या सॉकेटवर असतो. धूळ ओढणे मात्र टाळू नये आणि एमडीएफ कापताना मास्क लावावाच, कारण त्याची भुकटी फार बारीक असते.

देवनागरी पाटी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली, जी इंग्रजीत शिकवणारे सांगत नाहीत. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे रेषांत रूपांतर केले, की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी राहते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. तसेच कोरले, तर शिरोरेषेवर जागोजागी उभे काप पडतात. म्हणून सर्व अक्षरे निवडून त्यांचा एकच आकार करून घ्यावा. माझ्या पहिल्या पूर्ण झालेल्या पाटीवर असे काप आहेत आणि ती पाटी दारावर नाही, मागच्या खोलीत आहे.

प्लायवूडमध्ये एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जाण्याची घाई मी करत नाही, कारण मोटरचा जीव लहान आहे. आणि बाजारातले 6 मिलिमीटर दांड्याचे स्वस्त बिट पाहून मोहात पडण्याआधी कोलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारा भाग, तपासावा. मशीनसोबत मिळालेला माझा कोलेट 3.175 मिलिमीटरचा होता, त्यामुळे मी उत्साहाने आणलेले पाच बिट 6 मिलिमीटरचा कोलेट येईपर्यंत डब्यातच पडून होते.