आमची वाटचाल: आधी रजिस्टर, मग कोड

पुण्यात संस्थांना तोटा नाही. वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, माजी विद्यार्थी संघ, गिर्यारोहकांचे गट, गृहनिर्माण संस्था. त्यांचा कारभार पाहणारी माणसं बहुतेक निवृत्त, नाहीतर नोकरी सांभाळून येणारी, आणि पदराला खार लावून काम करणारी. त्यांचा भार हलका व्हावा म्हणून कर्वे रस्त्याजवळच्या छोट्या जागेत आम्ही सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर करायला घेतलं.

पहिल्या भेटीत चिटणीस हमखास म्हणतात, "फार काही नको हो. नाव, पत्ता, फोन आणि वर्गणी." आम्ही सभासद रजिस्टर आणि पावतीपुस्तकं मागून घेतो. खरी गरज तिथे कळते. आजीव, वार्षिक, आश्रयदाते असे प्रकार असतात. कुटुंब सभासदत्वात पावती एक आणि माणसं चार. मग मतं किती? संस्थेच्या नियतकालिकाचे अंक किती पाठवायचे? आजोबा गेले, आजी येतात, पण नाव अजून आजोबांचंच. आजींच्या नावापुढे ईमेल अमेरिकेतल्या मुलाचा. वर्गणी थकली तर मताचा हक्क जातो की सभासदत्वच? यांची उत्तरं संस्थेच्या घटनेत शोधायची किंवा कार्यकारिणीकडून ठरवून घ्यायची. प्रोग्रामरने ती मनाने भरू नयेत, याबाबत मी फार आग्रही आहे.

दुसरा आग्रह असा की सभासदांची नोंद आणि मेलिंग लिस्ट या दोन वेगळ्या गोष्टी मानायच्या. व्याख्यानाला येणारे कितीतरी जण सभासद नसतात, तरी त्यांना कार्यक्रमांची मेल हवी असते. उलट एखादे सभासद म्हणतात, कार्यक्रमांच्या मेल बंद करा. त्या जरूर बंद व्हाव्यात, पण सर्वसाधारण सभेची नोटीस त्यांना मिळालीच पाहिजे. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. ‘अनसबस्क्राइब’ दाबल्यामुळे नोटीस अडली तर सभेवरच आक्षेप येऊ शकतो. म्हणून कोण कोणत्या यादीत, कोणाच्या संमतीने आणि कधीपासून, हे आम्ही प्रत्येक नावापुढे ठेवतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं असं सांगितलं आहे.

मेल जाते कुठून, हाही प्रश्न आधीच विचारावा लागतो. पुष्कळ संस्थांत ती एखाद्या पदाधिकाऱ्याच्या स्वतःच्या जीमेलवरून जाते. मोफत खात्यावरून दिवसाला साधारण 500 जणांनाच पाठवता येते, आणि पदाधिकारी बदलले की यादीही त्यांच्याबरोबर जाते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले आहेत. त्यामुळे संस्थेचं स्वतःचं डोमेन आणि त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या नोंदी (मेल खरंच त्या डोमेनच्या मालकाकडून आली आहे हे पटवणाऱ्या), एवढं आम्ही खर्चात धरूनच सांगतो.

एसएमएसचं गणित निराळं. इंग्रजी संदेशात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मजकुराचा नमुना डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या एसएमस नोंदणी व्यवस्थेवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. सभेच्या आदल्या आठवड्यात हे सुचून उपयोग नसतो.

हे सगळं आम्ही मराठीत लिहून कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवतो. खजिनदार हमखास एखादी सुटलेली बाब दाखवतात. काहींना ही पद्धत लांबण वाटते, पण त्याआधी कोटेशन द्यायचं नाही हे आम्ही पाळतो.

सध्या एका वाचनालयाचं काम हाती आहे. तिथे वर्गणीशिवाय अनामतही असते. सभासदत्व सोडलं तरी अनामत परत दिल्याशिवाय नोंद बंद करता येत नाही. अशा सभासदांना अंकाच्या यादीत ठेवायचं का, हे पुढच्या बैठकीत ठरेल.