तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बिचेस ब्रू’ची कोणती प्रत घ्यावी?

“१९७०ची जुनी शोधू, की नवी १८० ग्रॅमची घेऊ?” हा प्रश्न इतक्यांनी इतक्या वेळा विचारला आहे की एकदाच सविस्तर सांगतो. ‘बिचेस ब्रू’ म्हणजे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९७०चा दोन रेकॉर्डींचा अल्बम.

वजनाचं आधी मिटवू. १८० ग्रॅम हे प्लास्टिकचं वजन, आवाजाचं नव्हे. खाचांचा आकार लॅकर, म्हणजे ज्या मूळ तबकडीवरून रेकॉर्ड छापतात ती, कापतानाच ठरतो. रेकॉर्ड जाड केली म्हणून त्यांत काही भर पडत नाही. जाड रेकॉर्डही वाकडी येते, तिचंही भोक मध्यापासून सरकलेलं असू शकतं. भोक सरकलेलं असलं की इलेक्ट्रिक पियानोचा लांबलेला सूर दर फेऱ्याला हेलकावतो. अशी प्रत परत करा, सुई बदलून उपयोग नाही.

खरा प्रश्न मिक्सचा, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज कसे एकत्र केले त्याचा आहे, आणि तो कुणी विचारत नाही.

१९ ते २१ ऑगस्ट १९६९ हे तीन दिवस न्यूयॉर्कमध्ये वाजवलेलं आठ ट्रॅकच्या टेपवर उतरलं. त्यातून अल्बम घडवला तो निर्माता टिओ मासेरो यांनी, ब्लेडने टेप कापून आणि चिकटपट्टीने जोडून. ‘फेरोज डान्स’मध्ये १९ जोड मोजले गेले आहेत; नववं मिनिट संपत येतं तेव्हा एक इवलासा तुकडा लागोपाठ परत परत येतो, तो कान देऊन ऐका. पुढे १९९८मध्ये या ध्वनिमुद्रणांचा मोठा पेटीसंच निघाला. त्यासाठी मूळचा तयार मिक्स न वापरता पुन्हा आठ ट्रॅकच्या टेपकडे जाऊन नवा मिक्स (रीमिक्स) केला आणि मासेरोंचे जोड एकेक करून नव्याने लावले. जोड त्याच जागी, पण एको, वाद्यांच्या पातळ्या, कोण पुढे आणि कोण धुक्यात, हे सगळं दुसऱ्यांच्या हातचं. अशा पेटीसंचांबद्दल मासेरोंनी उघड नाराजी बोलून दाखवली होती. मला ती शंभर टक्के पटते. तो गढूळपणा दोष नव्हता, ती रचना होती.

तरी खरं सांगतो: नव्या मिक्समध्ये बेनी मॉपिनचा बास क्लॅरिनेट वेगळा ऐकू येतो, दोन ड्रमर दोन बाजूंना स्पष्ट कळतात. एकेक वाद्य शिकायला बसलात तर तोच सोयीचा. पूर्वी मी ‘रीमिक्सला हात लावू नका’ असं ठणकावून सांगत असे. आता तितक्या जोरात सांगता येत नाही, आणि मागे घ्यायलाही मन होत नाही. म्हणून घेण्याआधी कव्हरवरचं श्रेय वाचा, ‘रीमिक्स’ छापलं आहे का बघा. पहिल्या अमेरिकन प्रतीचा क्रमांक जीपी २६, लाल लेबलवर ‘३६० साउंड’. पण तिच्या खाचा आधीच्या जड सुयांनी झिजवलेल्या असतील तर पहिलेपणाचा काही उपयोग नाही.

आता रेकॉर्डची दुसरी बाजू, शीर्षक-रचनेची. २७ मिनिटं, सलग. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने हे ९०० फेरे होतात आणि जागा मिळते जेमतेम ८६ मिलिमीटर. म्हणजे मिलिमीटरमागे दहाहून जास्त खाचा. त्या एकमेकींत घुसू नयेत म्हणून कापणारा पातळी उतरवतो, बास आवरतो. मग तुम्ही आवाज वाढवता आणि त्याबरोबर चरचरही वाढते. “मग ४५ वेगाची का काढत नाहीत?” १२१५ फेरे एका बाजूवर बसवायचे तर पातळी आणखी उतरेल, नाहीतर रचना मध्येच तोडावी लागेल. मला दोन्ही नामंजूर.

याच बाजूवर तुमच्या टर्नटेबलची परीक्षाही होते. सुरुवातीचा एको घेतलेला ट्रम्पेट शेवटी परत येतो. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, आत लेबलजवळ सुमारे २१. तेवढ्याच लांबीत अडीचपट नाद कोंबलेला. सुरुवातीला धारदार असलेला ट्रम्पेट शेवटी थुंकल्यासारखा फाटत असेल, तर रेकॉर्डला दोष देण्याआधी हे करा: सुई धुळीपासून साफ करा, सुईचा दाब काट्यावर मोजा, एटी-व्हीएम९५ई ही कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर २ ग्रॅम, मग प्रोट्रॅक्टर (रेषा आखलेलं मापपट्ट) ठेवून मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेषेला समांतर आणा. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते हा समज सोडा. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती ओरबाडते. एवढं करूनही फाटत असेल तर गोल किंवा लंबगोल टोकाच्या सुईऐवजी मायक्रोलाइन, म्हणजे अधिक बारीक कडेच्या टोकाची, घ्या.

नवी रेकॉर्डही वाजवण्याआधी धुवा. कागदी आतलं पाकीट काढून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घाला, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते.

एवढं वाचूनही “पण जुनी की नवी?” असं विचाराल, तर आज माझं उत्तर: मूळ मिक्सची, सपाट, मध्यावर भोक असलेली कुठलीही. रीमिक्सबद्दल पुढच्या वर्षी विचारा.