भुतांच्या राजाकडे अमावस्येला जाऊ नका, अष्टमीला जा

आधी सल्ला, मग कहाणी. कोकणातल्या आरवलीला वेतोबाच्या, म्हणजे भुतांच्या राजाच्या, दर्शनाला कधीही जा. पण वेंगुर्ल्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाणार असाल तर अमावस्या-पौर्णिमा सोडून जा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझ्या डाव्या पायाची दोन नखं आज काळी दिसली नसती.

मुळात आम्ही गेलो एका नगरीसाठी. दर शनिवारी रात्री आम्ही पाचजण फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो आणि यंदा नगरी रचायची पाळी माझी होती. मी एक बंदर रचलं. तिथे मेलेल्यांचं राज्य, सिंहासनावर प्रेतांचा राजा, कारभार मृत्यूची पूजा करणाऱ्या पुजाऱ्यांच्या हातात, वेशीवर मढ्यांचा पहारा. जिवंत माणसाने कर भरायचा तो मेल्यावर, देह सरकारजमा. कागदावर झकास दिसत होतं. पण दोन शनिवार खेळूनही त्या नगरीत कोणी खरंच राहतंय असं वाटेना. नुसती कवट्यांची आरास.

तेवढ्यात फोनवर एक रील आली. ‘कोकणातलं भुतांचं शहर, रात्री इथे राजा फिरतो.’ जांभ्याच्या पडक्या कमानी, भिंतीतून उतरलेली वडाची मुळं, धूर, ढोल. खाली ‘अमावस्या स्पेशल नाइट वॉक, आरवली, माणशी १८०० रुपये, पैसे आगाऊ’. आमच्या खेळात कायम धर्मगुरू होणारा माझा मित्र म्हणाला, चल. पौष अमावस्या गाठून आम्ही दोघांचे ३६०० रुपये भरले आणि तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरलो. तिथून वेंगुर्ल्याला एस.टी. मिळते, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

पहिला दणका वेंगुर्ल्यातच. संध्याकाळी बंदराकडे जाताना बघतो तर रीलमधल्या त्या कमानी समोर उभ्या. ती डचांची वखार, सतराव्या शतकातली. व्यापारी माल ठेवायची जागा! भुतांचं शहर म्हणून जे दाखवलं ते गोदाम होतं, आणि तेही आरवलीत नव्हे. वखार बघण्यासारखी आहे, जरूर बघा, फुकट आहे. मी मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही, ते भुतांमुळे नाही, ३६०० मुळे.

आता वेंगुर्ला ते आरवली या किनाऱ्याच्या पट्ट्याबद्दल. चालायची सवय असेल असं मी धरून चालतो. नसेल तर वेंगुर्ला-शिरोडा रस्त्याने एस.टी. जाते, आरवली त्याच वाटेवर आहे, तुमचा आणि माझा संबंध इथेच संपला. सकाळी आठला निघालो. वाळू घट्ट होती, पाय छान पडत होते. दहाच्या सुमारास एक म्हातारे काका जाळं विणत बसले होते. आमच्या सॅककडे बघून म्हणाले, “खंय चल्लास?”

“आरवलीला, काका. किनाऱ्याने.”

“आज अवस आसा. मोचेमाडची खाडी भरतली. थांबा, नायतर रस्त्यान जावा.”

आम्ही हसून पुढे गेलो. अकराला खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि हसू आटलं. समोरची वाळू दगड मारला तर पोचेल इतकी जवळ, आणि मध्ये हिरवं, फुगलेलं, आत घुसणारं पाणी. मित्र मांडीपर्यंत उतरला आणि पाय सुटतोय म्हणून परत फिरला. एक होडी काठाला बांधलेली होती, माणूस नव्हता.

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी हे गणित पाठ करा, कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला ते येतंच. पंधरवड्याची जी तिथी असेल तिचा पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अमावस्या म्हणजे पंधरा, पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही बरोबर भरतीच्या टोकावर खाडीपाशी उभे, आणि अमावस्येचं उधाण म्हणजे पाणी नेहमीपेक्षा चढलेलं. भुतांसाठी म्हणून जो दिवस मुद्दाम निवडला त्याच दिवसाने आमची वाट बुडवली. हेच अष्टमीला करा: आठाचा पाऊणपट सहा, सकाळी सहाला भरती, बाराच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी, त्यातून ती भांगाची भरती, पाणी फार चढतही नाही. मिनिटाचा हिशेब त्यावर करू नका, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत उतरण्याआधी गावात विचारा. गणित एवढ्यासाठी, की विचारायला माणूस भेटलाच नाही तर.

शहाण्या माणसाने मागे फिरून रस्ता धरला असता. फोनच्या नकाशात सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, जाणारी एक तुटक रेघ दिसत होती, आम्ही ती धरली. हा सबंध सहलीतला सगळ्यात वाईट निर्णय, आणि तो माझा होता. करवंदीच्या जाळ्यांतून वर चढलो आणि रेघ संपली. वर नुसता कातळ. जानेवारी असला तरी दुपारी बाराला जांभा खालून भाजतो, आणि गुडघाभर वाळक्या गवताखाली खड्डा आहे की दगड ते पाय पडल्यावर कळतं. मला कळलं, बुटाच्या टोकाने. नखांचं कारण तेच. पाणी दोघांत तीन लिटर आणलेलं, ते साडेबाराला संपलं. एका काजूच्या बागेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आम्ही तीनदा बघितला. त्यावर कोणीतरी निळी प्लास्टिकची बादली उपडी ठेवलेली होती, म्हणून तो तोच गडगा हे नक्की. तिसऱ्यांदा ती बादली दिसली तेव्हा धर्मगुरू खाली बसला आणि म्हणाला, मी आता इथेच मरतो, मला तुझ्या नगरीत नोकरी दे.

अडीच तासांनी डांबर लागलं. एक रिक्षा थांबली. हकिकत ऐकून रिक्षावाल्या दादांनी शांतपणे निदान केलं, “चकवो लागलो तुमका.” वाट चुकवणारं भूत. माझं मत अजूनही नकाशाच्या रेघेवर आहे, पण त्या क्षणी चकवा असल्याचं ऐकून बरं वाटलं हे कबूल करतो, कारण मग चूक माझी राहत नव्हती. दादांनी आरवलीपर्यंत सोडायचे पैसे वाजवी घेतले. वर पाण्याची बाटली दिली.

देवळाबाहेर केळ्यांचा घड घ्या. हार-पेढे नकोत, वेतोबाला केळी चालतात. आत गेलो. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि तो समोर ताठ उभा, माणसापेक्षा बराच उंच, दोन हात, एकात तलवार, एकात पात्र. पूर्वी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती. रीलमध्ये सांगितलेलं भय मी शोधत होतो. नजर गेली ती चपलांवर. नवस फेडायला लोक देवाला चामड्याच्या चपला वाहतात, त्याच्या मापाच्या. माझा बूट नऊ नंबरचा, तो त्यातल्या एका चपलेत आडवा मावला असता. जाड तळ, दोऱ्याचे टाके बोटभर लांब, अंगठ्याची गोल वेटोळी. राजा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, मग लोक नव्या आणतात. एका जुन्या जोडाची टाचेकडची कड खरंच गुळगुळीत होती. मित्र म्हणाला, लोक पाया पडताना हात लावतात त्याने झाली असेल. असेल. माझ्या पायाचे फोड ठणकत होते आणि मला त्या जोडाबद्दल सहानुभूती वाटली.

आमच्यासाठी एका काकांनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांनी आज तुझ्या पायाकडे केळ्यांचो घड ठेवलो हा, तो मानून घे, आणि त्यांच्या वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!” आजूबाजूच्या दोघा-तिघांनी काम थांबवून “होय म्हाराजा!” म्हटलं आणि पुन्हा कामाला लागले. वाटेतली इडापिडा म्हटल्यावर मला निळी बादली आठवली.

नंतर ओट्यावर बसून काकांना विचारलं, तुमच्याकडे मेलेल्यांचं राज्य म्हणजे असतं कसं? त्यांनी तलाठ्याने सात-बारा वाचावा तसं सांगितलं. वर वेतोबा. वेशीवर देवचार. वाडीवाडीला राखणदार, त्याला वर्षाचा मान ठरलेला, कुठे नारळ, कुठे कोंबडा. ज्याने गाव वसवलं तो मूळपुरुष, मेला तरी गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकारभारात, त्याची जागा पक्की. मोठं काम काढायचं तर आधी कौल घ्यायचा, म्हणजे जिवंतांच्या बैठकीत मेलेल्यांचं मत. ही झाली कामावरची मंडळी. बाकीची बिनकामाची, आणि त्यांचा हुद्दा ठरतो मरताना कोणता हिशेब अर्धा राहिला त्यावरून. मुंज झाली, लग्न राहिलं, तर मुंजा, पत्ता पिंपळ. बाळंतपणात गेली तर हडळ. नवरा जिवंत असताना गेली तर जखीण. बुडून मेला तर गिऱ्हा, तो पाण्यातच. मागे पिंडाला कोणी नाही तर समंध.

मी वही काढली. माझ्या नगरीत सगळी मढी एकसारखी होती, नुसती हाडं आणि हुकूम. इथे प्रत्येक मेलेल्याला पत्ता होता, तक्रार होती आणि कोणाच्या हाताखाली आहे तेही ठरलेलं. मृत्यूची पूजा मात्र मला कुठे दिसली नाही. लोक मेलेल्यांकडून काम करून घेत होते आणि त्याचा मोबदला चुकता करत होते.

आता १८०० रुपयांची वाट. रात्री साडेनऊला आमच्यासह अकरा जणांना एका वळणावर जमवलं. वाटाड्या कोकणातला नव्हताच. त्याने आधी सगळ्यांना फोनचे दिवे बंद करायला लावले, मग स्वतः फोन काढून त्यावर कोल्हेकुई लावली. एक पिंपळ दाखवला. समुद्रावर एका रांगेत सरकणारे दिवे दाखवून म्हणाला, बघा, मेलेल्यांची मिरवणूक. ते मासेमारीचे ट्रॉलर होते, वाऱ्यावर इंजिनाचा आवाजही येत होता. शेवटी देवळाबाहेर, फाटकापाशी नेऊन हळू आवाजात सांगितलं की अमावस्येला हा देव रक्त मागतो.

अंधारातून सायकल थांबल्याचा आवाज आला. दुपारचेच काका.

“रगात? कोणी सांगल्यान रे तुका? त्येका केळी लागतत!”

अकराही जण हसले. पैसे परत मागितले ते मिळाले नाहीत, ‘अनुभव दिला ना’ असं उत्तर मिळालं. तासाभरात अठराशे. माझा निकाल: या फेरीत बघण्यासारखी गोष्ट एकच होती आणि ती सायकलवरून आली. रात्री देवळाच्या आवारात उगाच घुटमळू नका, गावाला ते आवडत नाही, आणि वेशीबाहेरचा कोणी पैसे घेऊन भुतं दाखवतो म्हणाला तर त्याला माझी नखं दाखवा.

दुसरा दिवस शिरोड्यात गेला. १९३० साली जिथे सत्याग्रह झाला ते मिठागर, वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत जिथे शिकवत होते ती शाळा, वेळागरचा किनारा, जेवायला सुरमई. रेडीला १९७६ मध्ये खाणीत सापडलेला द्विभुज गणपती आणि झाडीत बुडालेला यशवंतगड. सगळं छान, सगळं सोपं, वाट विचारावी लागत नाही.

गडावर एक मात्र झालं. भिंतीतून उतरलेली मुळं, ओल, आत दुपारीही संध्याकाळ, रीलमध्ये दाखवलं त्यापेक्षा दसपट भुताटकी, आणि तिकीट नाही. नाइट वॉकवाल्याला हा गड माहीतच नसावा. बूट घालून जा, चपला नकोत, पालापाचोळ्यात साप असू शकतात.

परत आल्यावर शनिवारी नगरी पुन्हा मांडली. सिंहासन काढलं, राजाला उभं केलं. खेळाडूंना पहिलंच काम दिलं: राजाचे जोडे झिजलेत, अमावस्येच्या आत नवे करून आणा, मोची खाडीपलीकडे राहतो. चौघांनी नकाशावर बोट ठेवून सरळ खाडीची वाट धरली. तिथी कोणीच विचारली नाही. धर्मगुरूनेसुद्धा.