आमची वाटचाल आणि बहात्तरचा बोअर

1996 साली नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पंजाबातल्या बटालाचा सहा फुटी लेथ आणि एक रेडियल ड्रिल एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. आज तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आहेत, दोन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) आहेत आणि मोजमापाची वेगळी एसी खोली आहे. मधली बरीच वर्षं जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट करून देण्याची. माल वेळेवर गेला, पैसे आले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते डेव्हलपमेंटच्या कामाबद्दल. पार्ट अजून कागदावर असताना डिझाइनवाले आणि सप्लायर यांच्यात जे बोलणं व्हायला हवं आणि बहुतेक ठिकाणी होत नाही, त्याबद्दल.

ते कसं करायचं हे कळमेश्वरकडच्या शेती अवजारांच्या एका कारखानदारांकडे बघावं. सुरुवातीपासूनचे आमचे ग्राहक. त्यांच्याकडे ड्रॉइंगवर सही होण्याआधी डिझाइनचा इंजिनिअर, फाउंड्रीवाले, पॅटर्नचे (साचा पाडायच्या नमुन्याचे) मिस्त्री आणि आम्ही एका टेबलाशी बसतो. खरेदी खातं नंतर, दर ठरवायला. प्रश्न तीनच असतात: जॉब, म्हणजे मशीनवरचा पार्ट, धरायचा कुठे, मोजायचा कशाने, आणि कोणतं माप खरंच लागतं.

पहिल्याच प्रश्नावर निम्मा वेळ जातो आणि तो जायलाच हवा. गिअरबॉक्स हाउसिंगच्या ड्रॉइंगवर डेटम ‘ए’ म्हणजे मापं जिथून धरायची तो पाया, हा मशीन केलेला फेस (सपाट बाजू) असतो. पण पहिल्या सेटिंगला तो फेस असतो कुठे? कच्चं कास्टिंग (ओतीव पार्ट) फिक्स्चरवर, म्हणजे जॉब पकडायच्या चौकटीवर, बसवायला खाली तीन, बाजूला दोन आणि टोकाला एक असे सहा टेकू लागतात. त्यांच्यासाठी कास्टिंगवरच साधारण बारा मिलिमीटर व्यासाचे पॅड काढून ठेवावे लागतात, आणि ते सगळे पार्टिंग लाइनच्या (साच्याच्या दोन पेट्या जुळतात त्या रेषेच्या) एकाच बाजूला हवेत. मिस्त्रींचं म्हणणं ठरलेलं: “अर्धे पॅड वरच्या पेटीत नका टाकू, साहेब. पेटी सरकली का जॉब गेलाच समजा.” पेट्या मिलिमीटरभर सरकल्या तर बोअरच्या (मशीन करायच्या गोल भोकाच्या) एका बाजूला मटेरियल जास्त पडतं, दुसऱ्या बाजूला कमी. अलाउन्स (मशीनिंगसाठी ठेवलेलं जास्तीचं मटेरियल) अडीच मिलिमीटर धरलेला असला तरी खडबडीत स्किन आणि सरकलेला कोअर (पोकळी पाडणारा आतला साचा) मिळून तो संपतो आणि बोअरमध्ये न कापलेलं काळं राहतं. पॅटर्न बनण्याआधी हे पॅड फुकटात पडतात. मॅचप्लेट (पॅटर्न बसवलेली पाटी) झाल्यावर तेच काम म्हणजे वेल्डिंग, पुन्हा मशीनिंग, फाउंड्रीची नवी ट्रायल आणि महिनाभराचा खोळंबा.

तिसरा प्रश्न दिसायला सोपा आहे. एखाद्या हाउसिंगवर साठेक मापं असतात आणि कॉम्प्युटरवर सगळ्यांना ±0.05 मिलिमीटरचा टॉलरन्स (मापातली सूट) टाकायला काही कष्ट पडत नाहीत. त्यांतली बेअरिंगचा बोअर, सेंटर डिस्टन्स, फेसचा काटकोन अशी सात-आठच कामाची. बाकीची आयएसओ 2768 या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाच्या मध्यम वर्गात सोडली तर 30 ते 120 मिलिमीटरच्या मापाला ±0.3 मिळतं आणि जॉब मशीनवरून लवकर उतरतो. गॅस्केटखाली जाणाऱ्या फेसला आरए (खडबडीतपणाचा आकडा, कमी म्हणजे गुळगुळीत) 0.8 मागणारे इंजिनिअर आजही भेटतात. तिथे 3.2 पुरतं. चाळीस मिलिमीटर खोल पॉकेटच्या कोपऱ्यात आर (गोलाईची त्रिज्या) 0.5 मागतात. त्याला एक मिलिमीटरचा कटर लागेल आणि तो तिथवर पोचणारच नाही. आर 5.5 द्या, दहाचा एंडमिल न थांबता फिरतो.

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मोजायचं कशाने यावर, आमचा कारखाना बंद पडायची वेळ आली होती.

ग्राहक मोठी कंपनी होती. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पार्ट एलएम 25 या मिश्रधातूचं ॲल्युमिनियम हाउसिंग, 6207 बेअरिंगसाठी 72 एच 7 चा बोअर, म्हणजे 72 मिलिमीटरवर शून्य ते +0.030 ची सूट. नमुने डिसेंबरमध्ये झाले. पीपीएपी (प्रोडक्शनआधी पार्ट मंजूर करून घ्यायची पद्धत) लेव्हल 3 ची फाइल गेली, सीपीके (मापं टॉलरन्समध्ये किती सांभाळून बसतात तो आकडा) 1.67 च्या वर, गेज आर अँड आर (मोजण्यातच किती फरक पडतो त्याची चाचणी) दहा टक्क्यांच्या आत, सगळं मंजूर. मे महिन्यात प्रोडक्शनचा माल गेला आणि बोअर अंडरसाइज म्हणून परत यायला लागला. आमच्या शॉपमध्ये तोच बोअर टॉलरन्सच्या मधोमध होता.

गणित असं आहे. ड्रॉइंगवरचं माप 20 अंशांचं असतं, हा जगभरचा नियम. मे महिन्यात आमच्या शेडमध्ये 42 अंश. एलएम 25 चा 72 चा बोअर या 22 अंशांत साधारण 35 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतो. ज्या सेटिंग रिंगवर (ठरलेल्या मापाच्या कड्यावर) बोअर गेज शून्य करतो ती स्टीलची; ती फुगते 18. उरलेले 17 मायक्रॉन गेज जास्त दाखवतं. शॉपमध्ये +0.015 वर ठेवलेला बोअर त्यांच्या एसी लॅबमध्ये -0.002 होतो. टॉलरन्स तीसचा आणि निम्म्याहून जास्त उन्हाने खाल्ला. डिसेंबरमध्ये शेड विशीच्या आसपास, त्यामुळे नमुन्यांत काही दिसलंच नाही. गेज आर अँड आर सुद्धा हे पकडत नाही, कारण दोन्ही ऑपरेटर एकाच उकाड्यात, एकाच रिंगवर मोजतात.

हे सगळं आम्ही आकड्यांसकट लिहून दिलं. डिझाइनने क्वालिटीकडे पाठवलं, क्वालिटीने खरेदीकडे आणि खरेदीने डेबिट नोट (आमच्या बिलातून कापायच्या रकमेचा कागद) पाठवली: माल, वाहतूक आणि वर लाइन थांबल्याचा खर्च. जुन्या बिलांचे पैसेही त्यातच अडकले. 2006 च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात पैसे द्यायला 45 दिवसांची मर्यादा आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण वाद घातलेल्या मालावर तो कायदा घेऊन ग्राहकाच्या दारात जाणारा छोटा कारखानदार आम्ही तरी पाहिलेला नाही. बँकेचा हप्ता भरायला एक व्हीएमसी विकावी लागली. त्या काळात कळमेश्वरच्या शेठजींनी रोटाव्हेटरच्या कामाचा ॲडव्हान्स दिला, न मागता, आणि पगार झाले.

कंपनीने तो पार्ट बुटीबोरीच्या एका शॉपला दिला. त्यांचा दर आमच्यापेक्षा कमी. होणारच, कारण पीपीएपीच्या फाइलमधलं आमच्या फिक्स्चरचं ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर आधीच पोचलं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्याकडेही मे आला. त्यानंतर त्या ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनवर टीप आली, ‘जॉब व मास्टर रिंग 20 अंशांवर आणून मोजावे’. वाक्य आमच्या पत्रातलं आहे, शब्दही बदललेला नाही.

एसी खोली नसेल तर एवढं करा: ज्या मटेरियलचा जॉब त्याच मटेरियलची मास्टर रिंग बनवा, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमधून 20 अंशांवरचं माप लिहून आणा आणि रिंग जॉबशेजारीच ठेवा. दोन्ही सारखी फुगतात, फरक उरत नाही. जॉब मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजू नका. कूलंट पुसा, जाड जॉबला तीन-चार तास द्या. रिंग ग्राहकाच्या लॅबमध्येही एकदा मोजून घ्या आणि दोन्ही आकडे एका कागदावर दोघांच्या सहीने ठेवा. भांडण तिथेच संपतं.

रिव्हिजनचंही तसंच. फोनवर फोटो पाठवून “एम 8 ची थ्रेड सोळाऐवजी वीस करा, छोटासाच बदल आहे” म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. वीस मिलिमीटर पूर्ण थ्रेडला (आट्यांना) 6.8 चं ड्रिल सव्वीसपर्यंत न्यावं लागतं. बॉस (भोकासाठी ठेवलेला उंचवटा) अठ्ठावीसचा असेल तर मागे दोन मिलिमीटर भिंत उरते, कास्टिंगमध्ये पोरॉसिटी (बारीक पोकळ्या) असतेच, आणि ऑइल लीक टेस्टमध्ये बुडबुडे येतात. मग सप्लायरचं ड्रिलिंग खराब ठरतं. रिव्हिजनचं अक्षर बदललेलं, तारखेचं ड्रॉइंग आल्याशिवाय मशीनवर काही बदलत नाही. जुन्या प्रतीवर लाल रेघ मारून ती त्याच दिवशी परत घेतो.

आणि टूलिंग. पॅटर्न, फिक्स्चर, गेज यांच्या पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) वेगवेगळ्या ओळी हव्यात, मालकी कोणाची तेही लिहिलेलं हवं. एक लाख ऐंशी हजारांचं फिक्स्चर सहा हजार नगांवर वाटून नगामागे तीस रुपये लावणं कागदावर छान दिसतं. ऑर्डर दोन हजारांवर थांबली की एक लाख वीस हजार आपले गेले. फिक्स्चरचं ड्रॉइंग फाइलमध्ये द्यावंच लागलं तर फोटो आणि लोकेशन पॉइंट द्या, पूर्ण मापं देऊ नका.

आता आमच्या प्रत्येक कोटेशनसोबत एक पान जातं. त्यावर कच्च्या कास्टिंगचे लोकेशन पॉइंट, मोजायची पद्धत आणि तापमान, खरंच लागणाऱ्या मापांची यादी आणि तांत्रिक बदलावर सही करणाऱ्या एका माणसाचं नाव, एवढे रकाने असतात. खरेदी खातं ते पान बहुतेक वेळा कोरंच परत पाठवतं. कोऱ्या पानावर आम्ही दर देत नाही.