'ऑर्डर कन्फर्म्ड' आणि तरीही तिकीट नाही: रोझ बोलचा माझा अनुभव

कार्डावरून पैसे गेले, 'ऑर्डर कन्फर्म्ड' अशी मेल आली, ॲपमध्ये सेक्शन आणि रांगही दिसायला लागली, तरी तिकीट तुमच्याकडे असेलच असं नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या बोल गेमची तिकिटं पुनर्विक्रीच्या साइटवर घेतली की असंच असतं. १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोलला मी हे पुरेपूर भोगलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या डिसेंबरात आपल्यापैकी कोणीतरी पहिल्यांदा निघेल, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा नेहमीचा हंगाम डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि मग बोल गेम, म्हणजे निवडक टीमचे खास सामने, सुरू होतात. त्यातला सगळ्यात जुना म्हणजे लॉस एंजेलिसजवळच्या पासाडीनाचा रोझ बोल. १९०२ साली तिथला पहिला सामना मिशिगनने स्टॅनफर्डविरुद्ध ४९-० असा जिंकला. मी मिशिगन विद्यापीठाची. ॲन आर्बरला एमएससाठी आले, पहिल्याच सप्टेंबरात एक लाख सात हजार माणसं बसतील अशा त्या स्टेडियममध्ये जाऊन बसले, आणि तेव्हापासून सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी मी दुसरं काही ठरवत नाही.

आधीच्या दोन्ही वर्षी मी टीमच्या मागे गेले होते. ३१ डिसेंबर २०२१ ला मायामीचा ऑरेंज बोल, ओमायक्रॉनमुळे धडाधड विमानं रद्द होत होती तेव्हा. जॉर्जियाने ३४-११ असं हरवलं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ॲरिझोनात फिएस्टा बोल, तिथे टीसीयूने (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) ५१-४५. दोन्ही वेळा तिकीट सहज मिळालं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

३ डिसेंबर २०२३ च्या रविवारी दुपारी विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी चार टीम जाहीर झाल्या; त्या वर्षी रोझ बोल हा त्यातला एक उपांत्य सामना होता. मिशिगन पहिली, समोर चौथ्या क्रमांकाची अलाबामा. एकही सामना न हरलेल्या फ्लोरिडा स्टेटला वगळून अलाबामाला घेतलं, त्यावरून देशभर भांडणं सुरू झाली. आम्हाला भांडायला वेळ नव्हता. सामना एक जानेवारीला, म्हणजे हातात महिनाही नाही, आणि मध्ये ख्रिसमस.

विमानाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त वेळ असेल आणि विमान कंपनीकडून थेट बुकिंग केलं असेल, तर अमेरिकेत २४ तासांच्या आत पूर्ण पैसे परत मिळण्याची सोय असते. म्हणून टीम जाहीर होताच तिकीट काढून टाकायचं, घरच्यांशी चर्चा मग करायची. लॉस एंजेलिसच्या मुख्य विमानतळापेक्षा (एलएएक्स) बरबँक विमानतळ पासाडीनाला बराच जवळ पडतो. आम्ही हॉटेल मनरोव्हियाला घेतलं. तिथून मेट्रोची ए लाइन थेट पासाडीनात जाते आणि त्या दिवशी गाडी नसणं हेच सुख असतं.

'आम्ही' म्हणजे मी आणि बाबा. बाबा तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि मिशिगनच्या थंडीत घरात बसून कंटाळले होते. आमच्याबरोबर टीव्हीवर सामने बघून त्यांना खेळ कळायला लागला होता. त्यांना रोझ बोल दाखवायचाच, असं मी ठरवलं होतं.

आता तिकिटं. दोन्ही विद्यापीठांना ठरावीक वाटा मिळतो. आमच्याकडे तो देणगी आणि सीझन तिकिटं यांवरून साठणाऱ्या गुणांप्रमाणे वाटला जातो. वीस-तीस वर्षं देणग्या देणारी माणसं आधी, माझ्यासारखे खूप मागे. मी अर्ज केला, नंबर लागला नाही. तक्रार नाही, त्यांचा हक्क आहे. मग पुनर्विक्रीची साइट. नाव घेत नाही. मोठी आहे, जाहिराती सगळीकडे असतात. सोमवारी रात्री दोन तिकिटं घेतली. पैसे लगेच कापले गेले. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: विक्रेता ३० डिसेंबरपर्यंत तिकिटं ट्रान्सफर करेल.

इथून पुढे महिनाभर माझ्या फोनवर एकच पान उघडं होतं. वर हिरव्या अक्षरांत 'कन्फर्म्ड', त्याखाली राखाडी बटण, त्यावर 'ट्रान्सफरच्या प्रतीक्षेत'. ते बटण दाबलं तरी काही होत नसे. चॅटवर विचारलं तर उत्तर यायचं की काळजी करू नका, तुमची ऑर्डर आमच्या हमीखाली सुरक्षित आहे. फोन केला की तेच वाक्य, फक्त आधी पाऊण तास गाणी ऐकायची. विक्रेत्याकडे तिकिटं आहेत का, एवढा साधा प्रश्न मी दरवेळी विचारला. त्याचं हो किंवा नाही असं उत्तर मला एकदाही मिळालं नाही.

नंतर जाणकारांकडून समजलं ते असं. काही विक्रेते हातात तिकीट नसतानाच ते विक्रीला लावतात. सामना जवळ आला की भाव पडतील, तेव्हा स्वस्तात घेऊन गिऱ्हाईकाला देऊ आणि मधला फरक खिशात घालू, हा त्यांचा हिशोब. भाव पडले तर तुम्हाला तिकीट मिळतं आणि काय घडलं ते कळतही नाही. भाव चढले तर विक्रेता साइटचा दंड भरून मोकळा होतो. मिशिगन-अलाबामाचे भाव चढले. ज्या जाहिरातीत नेमका सीट नंबर नसतो, फक्त सेक्शन आणि 'अमुक रांग किंवा त्याहून चांगली' असं असतं, तिथे हा धोका जास्त. लगेच ट्रान्सफर होणारी तिकिटं वेगळी दाखवणारा फिल्टर बहुतेक साइटवर असतो. तो लावा, चार पैसे जास्त गेले तरी लावा.

३० तारीख आली. आम्ही विमानात असताना पानावरची तारीख बदलून ३१ झाली. ३१ ला रात्री ती १ जानेवारी झाली, 'सामन्यापूर्वी'. मला कोणी कळवलं नाही. पान रिफ्रेश केल्यावर दिसलं. रात्री अकराला पुन्हा फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तिकीट आलं नाही तर तुमचे सगळे पैसे परत मिळतील." बाबा बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "अगं, पैसे परत देतायत ना, मग झालं की. कशाला एवढा जीव काढतेस?" त्यांना समजावता समजावता मला माझा राग नीट कळला. हमी पैशांची होती. विमानभाडं, नव्या वर्षाच्या रात्रीचं हॉटेल, वडिलांना घेऊन केलेला अर्ध्या देशाचा प्रवास, यांतलं त्या हमीत काहीच येत नव्हतं. मला पैसे नकोच होते, मला आत जायचं होतं.

त्या रात्री आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळं लिहिलं. स्क्रीनशॉट टाकले, दोन तिकिटं हवीत, वडील बरोबर आहेत, असं सांगितलं आणि झोपले.

पहाटे उठून आम्ही परेडला गेलो. रोझ परेड सकाळी आठला कोलोरॅडो बुलेव्हार्डवरून निघते, १८९० पासूनची परंपरा आहे, आणि लोक आदल्या दुपारपासून फुटपाथवर गाद्या टाकून जागा धरतात. रथांचा दिसणारा प्रत्येक भाग फुलं, पानं, बिया अशा नैसर्गिक वस्तूंनीच मढवावा लागतो. एक रथ आमच्यासमोरच थांबला. त्याच्या कडेला बारीक काळे दाणे एकसारखे चिकटवले होते. बाबा पुढे वाकून बघत म्हणाले, "हे कांद्याचं बी आहे." गावी वाफ्यात बी टाकणारा माणूस, ओळखायला क्षणही लागला नाही. शेजारच्या बाईंनी दुजोरा दिला; त्यांनी स्वतः रथ सजवायला हातभार लावला होता. बाबा खूश झाले. माझा अंगठा मात्र रिफ्रेशवर होता.

दहाच्या सुमारास राखाडी बटण गेलं आणि लाल अक्षरं आली: विक्रेता ऑर्डर पूर्ण करू शकला नाही. दोन पर्याय. रिफंड, किंवा सामना सुरू होईपर्यंत 'साजेशी' तिकिटं शोधू, थांबा. सामना दोनला. मी थांबण्याचा पर्याय निवडला आणि आम्ही शटलने स्टेडियमकडे निघालो, कारण हॉटेलवर बसून काय करणार? स्टेडियम खाली ओढ्याच्या खोऱ्यात आहे, शेजारी गोल्फचं मैदान, आणि त्या दिवशी त्या हिरवळीवरच हजारो गाड्या लागतात. आमचे निळे-पिवळे झेंडे, अलाबामाचे किरमिजी झेंडे, शेगड्या, धूर. त्या गर्दीत उभं राहून मी पुन्हा चॅट उघडलं. नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा.

साडेबाराला ग्रुपवर मेसेज आला. सॅन डिएगोच्या एका सीनियरच्या बायकोला ताप होता, त्यांची दोन तिकिटं रिकामी होती. मूळ छापील किमतीला. माझा ईमेल मागितला, आणि अधिकृत ॲपमधून दोन्ही तिकिटं एका मिनिटात माझ्या फोनवर आली. सेक्शन, रांग, सीट नंबर, बारकोड. मी पैसे पाठवण्याच्या आधी त्यांनी तिकिटं पाठवली होती. जे काम एका मिनिटात होतं, त्यासाठी मी महिनाभर फोनकडे बघत बसले होते.

तिकीट मिळाल्यावर पहिलं काम हे करा: साइटवर जाऊन रिफंडचा पर्याय निवडा आणि त्याची लेखी पोच घ्या. नाहीतर शेवटच्या क्षणी ते कुठलीतरी दोन तिकिटं माथी मारतील आणि पैसे अडकतील. आणि बारकोड फोनच्या वॉलेटमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा. गेटजवळ एवढी माणसं होती की माझं नेटवर्क जवळजवळ गेलं होतं.

सामना आता सगळ्यांना माहीत आहे. ९६ हजारांहून जास्त प्रेक्षक. जेमतेम दीड मिनिट उरलं असताना आमच्या रोमन विल्सनच्या टचडाउनने (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) २०-२० बरोबरी, मग आमच्याच गोलरेषेजवळ पंट, म्हणजे त्यांनी लाथेने उडवलेला चेंडू, आमच्या हातातून निसटला तेव्हा पोटात गोळा आला, मग ओव्हरटाइम. आमच्या ब्लेक कोरमने १७ यार्ड पळून टचडाउन केला. अलाबामाचा शेवटचा डाव, तीन यार्ड बाकी, त्यांचा क्वार्टरबॅक (चाली चालवणारा मुख्य खेळाडू) मिलरो सरळ घुसला आणि आमच्या पोरांनी त्याला तिथेच दाबला. बाबा उभे राहून ओरडले, "पकड! पकड!" कबड्डीत मध्यरेषेला हात पोचायच्या आत चढाईपटूला आवळतात, अगदी तसंच झालं होतं. २७-२०. ओळीने सहा बोल हरल्यानंतरचा विजय, आणि रोझ बोलमधला १९९८ नंतरचा पहिला. मी रडले, मागच्या रांगेतल्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली, बाबांना तर कोणीतरी टोपीच दिली.

आठ जानेवारीला ह्यूस्टनला मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवून विजेतेपद मिळवलं. त्या तिकिटांचे भाव बघून आम्ही तो सामना घरीच बघितला.

रिफंड जानेवारीच्या शेवटी आला, तोही मी लेखी पोच पुढे केल्यावर. २०२४ च्या हंगामापासून बारा टीमचा प्लेऑफ आहे आणि रोझ बोलला उपांत्यपूर्व सामना होतो. पहिल्या फेरीतून येणाऱ्या टीमच्या चाहत्यांना आता जेमतेम दहा-बारा दिवस मिळतात, त्यामुळे तिकिटाच्या बाबतीत कोणावर विसंबायला वेळच नाही. तुमच्या विद्यापीठाचा माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप असेल तर नोव्हेंबरातच त्यात शिरा.

राहिलेलं एक. आत फक्त पारदर्शक बॅग चालते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. आणि दुपारी ऊन असलं तरी सूर्य मावळला की त्या खोऱ्यात चांगलीच थंडी पडते, म्हणून जाकीट अंगावर किंवा हातावरच ठेवा, त्या बॅगेत ते मावत नाही.